पाहुण्यांचा डाव

उज्वला बिरादारला हरता येत नव्हतं असं नाही. ती पुष्कळदा हरली होती. पण हरल्यावर तिला जेवण गोड लागायचं नाही, आणि ज्यांना ते लागायचं त्यांचा तिला मनापासून राग यायचा. आता हा काही फार मोठा गुण नव्हे. संसारात, नात्यागोत्यात, शेजारपाजारात असला स्वभाव अडचणीचाच. पण तो तिचा होता, आणि त्रेचाळिसावं लागलं तरी तिनं तो सोडला नव्हता.

जळकोटजवळच्या एका खेड्यातला तिचा जन्म. वडील शेषेराव तूर-सोयाबीन पिकवणारे, कमी बोलणारे. पोरगी शाळेत खो-खो खेळते एवढंच त्यांना ठाऊक. एकदा तालुक्याला कामाला गेले असताना ते सहज मैदानावर डोकावले आणि त्यांनी तिला पळताना पाहिलं. मग आठवडाभर गावात सांगत सुटले, "आमची उज्जी पळाली, आन् मागची पोरगी रडायलीच की हो!" हे पूर्ण खरं नव्हतं. ती पोरगी पाय मुरगळला म्हणून रडत होती. पण उज्वलानं वडिलांना दुरुस्त केलं नाही.

तिला घडवलं ते उदगीरच्या शाळेतल्या रेणुकादास सरांनी. पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी आणि तोंडात कधी कौतुक नाही. "बरं पळालीस" असं त्यांनी चार वर्षांत दोनदा म्हटलं, आणि ते दोन्ही दिवस उज्वलाला तारखेसकट पाठ होते. पुढं नांदेडच्या विद्यापीठाच्या संघातून ती दोन वर्षं खेळली. एका सामन्यात चार मिनिटं दहा सेकंद नाबाद पळाली. मग शिक्षण संपलं, लग्न ठरलं, आणि खेळाचे बूट आईनं, विठाबाईनं, धाकट्या बहिणीला देऊन टाकले.

नवरा हरिओम मस्कतला, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर फिटर. माणूस शांत, प्रेमळ. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात दोघं कॅरम खेळायला बसले. हरिओमनं नव्या नवरीचं मन राखावं म्हणून शेवटची सोंगटी मुद्दाम चुकवली. उज्वलाच्या ते लक्षात आलं. ती उठली आणि दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी बिचाऱ्यानं कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "मला काय लहान लेकरू समजलाव का?" तेव्हापासून हरिओमनं तिला एकही डाव सोडला नाही, आणि संसार सुखाचा झाला.

मस्कतला गेल्यावर काही वर्षं मुलांच्या मागं गेली. मग अकरा वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी सकाळी, तिनं ओळखीच्या पाच बायकांना मोकळ्या मैदानात बोलावलं आणि खो-खो सुरू केला. शुक्रवार तिकडं सुट्टीचा. खांब पुरायला परवानगी नव्हती, तर हरिओमनं रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून त्यात पाईप उभे करून दिले. पाचाच्या अकरा झाल्या, अकराच्या बावीस. त्यातल्या चौदा जणी नांदेड-लातूरकडच्या. उन्हाळ्यात पहाटे पाचला खेळ, हिवाळ्यात सातला. गुण लिहायला वही होती, शिट्टी होती, भांडणं होती. कुणी म्हणे हात लागला, कुणी म्हणे नाही लागला. दोन-दोन आठवडे एकमेकींशी अबोला धरून बायका पुन्हा त्याच मैदानात येत. उज्वलाच्या दृष्टीनं तो क्लबचा सुवर्णकाळ.

पुढं क्लबनं बाळसं धरलं आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. खेळानंतर चहा असायचा, त्याच्या जोडीला एकीनं सुशीला आणली. चुरमुऱ्याची ती सुशीला खाऊन सगळ्यांना माहेर आठवलं. मग दुसरीनं धपाटे आणले, तिसरीनं शेंगदाण्याची चटणी. तासाभराचा खेळ अर्ध्या तासावर आला आणि पाऊण तासाची न्याहारी दोन तासांवर गेली. भांडणं नकोत म्हणून गुण लिहिणं बंद झालं. कुणी बाद झाली तरी "असू दे गं, पळ अजून थोडी" सुरू झालं. वर्षाअखेरीला सगळ्यांच्या गळ्यात एकसारखी पदकं पडू लागली. उज्वलानं तिची तीन पदकं एका डब्यात टाकून ठेवली होती, आणि त्या डब्यात घरातले सुटे खिळेही होते.

क्लबची चिटणीस देविका. लातूर शहरातली, नवरा मस्कतलाच डॉक्टर, स्वतः अतिशय मायाळू बाई. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचा सासरा गेलेला असो, देविका डबा घेऊन हजर. खेळात मात्र तिला काडीचीही गती नव्हती. चौकात बसली की उठेपर्यंत पळणारी पार खांबापलीकडं गेलेली असायची. अकराव्या वर्षी मार्चमध्ये देविकानं सभेत मांडलं की जानेवारीपासून क्लबचं नाव 'शुक्रवार स्नेहमेळावा' करावं. गाणी, हौजी, मुलांचे कार्यक्रम, आणि ज्यांना हौस असेल त्यांनी थोडंफार पळावं.

"अगं, आपण आनंदासाठीच खेळतो ना?" ती उज्वलाला म्हणाली.

"हरायची भीती नसलेल्या खेळात मला आनंद नाही वाटत," उज्वला म्हणाली. "तुम्हांला वाटतो, मला त्याचंच नवल वाटतं."

सगळ्यांना उज्वला आवडत होती, पण शुक्रवारच्या सकाळी तिच्या तोंडी लागायचा आता सगळ्यांना कंटाळा आला होता. ते तिलाही कळत होतं. म्हणून तिनं आवाज खाली आणला आणि एकच गोष्ट मागितली. डिसेंबरच्या सुट्टीत आपल्यातल्या बारा-चौदा जणी गावाकडं जातातच. तिथं एक सामना खेळू. खऱ्या संघाशी, खऱ्या पंचासमोर. सामना झाल्यावर तिथंच हात वर करून ठरवू. गुणांसाठी खेळायचं असेल तर क्लब राहील. नसेल तर वही, शिट्टी आणि ते सिमेंटचे डबे मी स्वतः तुमच्या स्वाधीन करीन, आणि पुन्हा शब्द काढणार नाही.

देविका न्यायी होती. ती म्हणाली, "ठीक आहे. सामना झाला की जेवायच्या आधी मतदान." मागं राहणाऱ्यांनीही जे ठरेल ते मान्य केलं.

उज्वलानं रेणुकादास सरांना फोन लावला. सर आता सत्तरीला टेकलेले, निवृत्त, पण उदगीरला रेल्वे स्टेशनच्या अंगाला मुलींचं क्रीडा मंडळ चालवत होते. त्यांच्या पोरी राज्याच्या निवड चाचणीपर्यंत धडकलेल्या. सर म्हणाले, "ये. डिसेंबरच्या सत्तावीस तारखेला सकाळी नऊला या सगळ्याजणी. मैदान तयार ठेवतो." एवढंच. पण उज्वलाला त्या रात्री जेवताना दोन पोळ्या जास्त गेल्या.

सप्टेंबरपासून तिनं गावाकडं जाणाऱ्या बाकीच्या अकराजणींना जमेल तसं पळवलं. कुणी आली, कुणी नाही. कंधारची तनुजा, मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स, ती दोन पाळ्यांच्या मधून यायची. नांदेडची इंदू घरगुती डबे करायची. ती यायची, धापा टाकायची आणि म्हणायची, "उज्वलाताई, माझं वजन बगून तरी दया करा." उज्वला दया करत नव्हती.

सत्तावीसला त्या सगळ्या उदगीरला जमल्या. कुणी हैदराबादला उतरून रेल्वेनं थेट आलेली, कुणी नांदेडहून एसटीनं, देविका लातूरहून गाडीनं. मैदान पाहून उज्वलाचं मन भरून आलं. मुरूम पाणी मारून दाबलेला, फक्कीच्या रेघा धागा धरून मारल्यासारख्या सरळ, दोन्ही खांब तासून गुळगुळीत केलेले. कडेला मंडप, त्यात खुर्च्या, स्पीकर, आणि 'मस्कतच्या माहेरवाशिणींचे हार्दिक स्वागत' असा फलक. गुलाबाची फुलं देऊन स्वागत झालं. फोटो झाले. मंडपामागं येसर मसाल्याच्या आमटीला फोडणी बसल्याचा वास येत होता. देविका हरखून गेली होती. उज्वलाला तो थाट जरा जास्त वाटला, पण तिनं मनावर घेतलं नाही.

नाणेफेक मस्कतनं जिंकली. उज्वलानं आधी पाठलाग घेतला. आठजणी चौकात बसल्या, नववी तनुजा पाठलागाला उभी राहिली, शिट्टी झाली.

आणि काय आश्चर्य, दुसऱ्याच मिनिटाला उदगीरची लाल रिबिनीची एक पोरगी बाद! मंडपात टाळ्या. मग आणखी एक. इंदूनं एकीला बाद केलं आणि तिला स्वतःलाच खरं वाटेना. ती मधोमध उभी राहून हसायला लागली. नऊ मिनिटांत मस्कतचे नऊ गुण झाले. स्पीकरवर निवेदक ओरडत होता, "मस्कतच्या वाघिणी!" तनुजानं आकाशाकडं बघून हात जोडले. देविका प्रत्येकीला मिठी मारत सुटली.

उज्वला पाणी प्यायला गेली, पण तिचं मन मैदानातच होतं. ती लाल रिबिनीची पोरगी खांबाला वळसा घालताना वेग का कमी करत होती? एवढ्या तयारीची पोरगी दोन वेळा एकाच बाजूला का वळली? तिनं स्वतःला समजावलं की आपल्या पोरी खरंच चांगल्या खेळल्या असतील. चार महिने पळवलंय त्यांना. एवढा संशयी स्वभाव बरा नव्हे.

मग पळण्याची पाळी आली. पहिल्या तुकडीत उज्वला, तनुजा, इंदू. उदगीरची कर्णधार दिपाली, एकोणीस-वीस वर्षांची, काटक, डोळे सतत पळणारीच्या पायांवर. तिला खो मिळाला आणि ती उज्वलाच्या मागं लागली. उज्वलानं चौकांमधून नागमोडी पळायला सुरुवात केली. तीन चौक, चार चौक. मागं पावलांचा आवाज अगदी पाठीशी आला. ती वळली, तिनं मागं पाहिलं, आणि तिला स्पष्ट दिसलं. दिपालीचा हात तिच्या खांद्यापर्यंत आला होता. एक वीतही अंतर नव्हतं. आणि त्या हाताची बोटं मिटली. हात मागं गेला आणि दिपालीनं शेजारच्या चौकात खो दिला.

उज्वलाचे कान तापले. तिला त्यानंतरची पाच मिनिटं पळताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला बाद व्हायचं होतं आणि कुणी बाद करत नव्हतं. ती मुद्दाम हळू झाली तर मागची पोरगीही हळू झाली. नऊ मिनिटं संपली तेव्हा उदगीरचे गुण होते चार. तेही दाखवण्यापुरते. पहिल्या डावाअखेर मस्कत पाच गुणांनी पुढं.

"जिंकतोय गं आपण!" देविकानं तिचे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "उज्वला, तुझंच बरोबर होतं. काय मजा आहे यात! अगं, मी स्वतः तुझ्या बाजूनं हात वर करणार आहे बघ."

म्हणजे उज्वलाला हवं होतं ते आयतंच चालून आलं होतं. आणखी एक डाव असाच होऊ द्यायचा, गप्प बसायचं, हार घालून घ्यायचे. मतदानात बाराच्या बारा हात वर गेले असते. क्लब वाचला असता. जानेवारीत सगळ्याजणी ताठ मानेनं मैदानात आल्या असत्या, आणि ज्यानं त्या ताठ झाल्या ते खोटं आहे हे फक्त तिला माहीत असतं. तिला अकरा वर्षांत एवढा मोह कशाचा झाला नव्हता. तिनं देविकाच्या हातांतून आपले हात सोडवून घेतले, आणि मग ती पंचांच्या टेबलाशी बसलेल्या सरांकडं चालू लागली.

"सर, पोरी खेळत न्हाईत."

सरांनी चष्मा काढून पुसला. "खेळायल्यात की."

"मला शिकवलंय तुम्ही. मला दिसतंय."

सर हळू आवाजात म्हणाले, "उज्वला, तुम्ही इतक्या लांबून आलाव. सासरी-परदेशी नांदणाऱ्या लेकी. लेक माहेरी आली तर तिला हरवून, तोंड पाडून धाडतेत व्हय आपल्यात? आज तुमच्या सगळ्याजणींच्या ओट्या भरायच्यात. नारळ, खण सगळं आणून ठिवलंय. पोरींना मीच सांगितलं, पाहुण्यांचा मान राखा मनून."

त्यांच्या आवाजात एवढी माया होती की उज्वलाला रडू आलं असतं. आयुष्यभर या माणसानं तिला कौतुकाचा शब्द दिला नव्हता, आणि आज द्यायला निघाले ते हे. तिला त्यांचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली.

"सर, ओटी मागून भरा," ती म्हणाली. "आधी खेळा. पहिल्या डावाचे गुण खोडा. एकच डाव, तुमच्या पोरी जशा खेळतेत तसा. मान राखायचा असंल तर तसा राखा."

"तुझ्या बायांचं काय? लई मार बसंल."

"बसू द्या."

सरांनी गुण लिहिणाऱ्याच्या हातातला कागद घेतला आणि पहिल्या डावावर उभी-आडवी रेघ मारली. दिपालीला हाक मारून ते दोनच शब्द बोलले. दिपालीच्या तोंडावर एकदम उजेड पडला. तिला बिचारीला तो डाव किती जड गेला होता ते तेव्हा कळलं.

अवघड काम पुढंच होतं. उज्वलानं आपल्या बायकांना एका बाजूला घेतलं आणि काहीही न लपवता सांगितलं.

कुणालाच ते आधी कळलं नाही. मग देविका म्हणाली, "पण... कशाला सांगितलंस? चाललं होतं ना छान!" तिचा चेहरा अगदी उतरला. "त्यांनी प्रेमानं केलं ना सगळं? कुणाचं काय बिघडत होतं?"

"माझं बिघडत होतं," उज्वला म्हणाली.

"तुझं, तुझं! अकरा वर्षं तुझंच!" देविका पहिल्यांदाच तिच्यावर ओरडली. ते खरंही होतं, म्हणून उज्वलानं ऐकून घेतलं.

पण तनुजा मध्येच बोलली. "थांबा. मंजे त्या लाल रिबिनीच्या पोरीला मी बाद केली, ती मी केलीच न्हाई?"

"नाही."

"ती थांबली व्हती?"

"हो."

तनुजानं ओढणी कमरेला आवळून बांधली. "मी तिथं दोन पाळ्या करून पळायला शिकले. मला काय कुणी भीक वाढायची गरज न्हाई. चला."

"मला तर वाटलंच," इंदू म्हणाली. "मी बाद करीन कुणाला? माझी मलाच शंका आली व्हती. पण लई बरं वाटत व्हतं, मनून गप बसले." हे ती एवढ्या खरेपणानं म्हणाली की दोघी-तिघींना हसू आलं. पण त्या हसण्यातही धार होती. दिपालीच्या पोरी पलीकडं उड्या मारत अंग मोकळं करत होत्या, आणि मस्कतच्या बायका पहिल्यांदाच त्यांच्याकडं डोळे बारीक करून बघत होत्या.

नव्यानं शिट्टी झाली. या वेळी आधी उदगीरचा पाठलाग.

इंदू अकरा सेकंदांत बाद झाली. ती अजून कुठल्या बाजूला पळावं हे ठरवत होती. तनुजा सत्तावीस सेकंद टिकली आणि बाद झाल्यावर तिनं रागानं जमिनीवर लाथ मारली. मग एकटी उज्वला उरली. आता मागून येणाऱ्या पावलांत दयामाया नव्हती. खो, खो, खो असे आवाज चहूकडून येत होते आणि प्रत्येक खो बरोबर मैदान लहान होत होतं. त्रेचाळीस वर्षांचे गुडघे कुरकुरत होते. एक मिनिट चाळीस सेकंदांनी, खांबाजवळ, दिपालीनं सूर मारून तिच्या पोटरीला हात लावला. चांगला खणखणीत लागला. उज्वला मातीत पडली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसात पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

बाकीच्यांचं काय सांगावं! दुसरी तुकडी मिनिटभरात आटोपली. तिसरी, तिच्यात देविका होती, त्याहूनही लवकर. नऊ जणी बाद झाल्या, पुन्हा पहिल्या तुकडीनं सुरुवात केली. आणखी नऊ बाद झाल्या, पुन्हा पहिली तुकडी. स्पीकरवरचा निवेदक आधी 'वाघिणी' म्हणत होता, तो आता नुसते आकडे सांगू लागला. नऊ मिनिटांत एकवीस गुण. मंडपातले लोक टाळ्या वाजवायला संकोचत होते.

पण मैदानात काहीतरी बदललं होतं. बाद होऊन बाहेर आलेल्या बायका मोबाइल काढत नव्हत्या. रेघेला चिकटून उभ्या राहून त्या आतल्यांना ओरडत होत्या. "डावीकडं! अगं डावीकडं वळ! खांब धर!" तिसऱ्यांदा पळताना इंदू अठरा सेकंद टिकली आणि बाहेर येऊन विचारती झाली, "किती? किती झाले?" अठरा ऐकल्यावर तिनं मूठ आवळली. एकवीस गुणांच्या माराखाली सात सेकंद वाढल्याचा तिला आनंद झाला होता, आणि ते हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही.

मग मस्कतचा पाठलाग. दिपाली आणि तिच्या दोघी साथीदार मैदानात आल्या. चार मिनिटं एकही बाद नाही. त्या पोरी अशा वळत होत्या की बसलेल्या बायकांच्या माना दुखल्या. पाचव्या मिनिटाला तनुजानं एकीला खांबाशी गाठलं. खरंखुरं गाठलं. ती इतक्या जोरात ओरडली की पंच दचकले.

सातव्या मिनिटाला दुसरी पोरगी देविकाच्या चौकाशेजारून गेली आणि उज्वलानं देविकाच्या पाठीवर थाप मारून खो दिला. द्यायला नको होता. तिथं तनुजा असती तर बरं झालं असतं. पण देविका उठली. अशी उठली की तिला स्वतःलाही कळलं नसेल. तीन पावलं, चौथ्या पावलाला तोल गेला, आणि पडता पडता तिनं हात लांबवला. बोटं त्या पोरीच्या कुर्त्याला घासली. देविका मुरमावर सपशेल आडवी. दोन्ही गुडघे फुटले, कोपर सोललं. लोक धावले. तिनं मान वर करून पंचांकडं पाहिलं आणि ओरडली, "दिला का? बाद दिला का?"

पंचांनी हात वर केला होता.

दिपाली मात्र शेवटपर्यंत हाती लागली नाही. उज्वलानं उरलेले सगळे श्वास तिच्यामागं खर्च केले आणि शेवटच्या शिट्टीला तिची बोटं दिपालीच्या पाठीपासून चार अंगुळं लांब राहिली. एकवीस विरुद्ध दोन. दिपाली गुडघ्यांवर हात टेकून, वाकून धापा टाकत होती. "ताई," ती कशीबशी म्हणाली, "लई पळिवलं तुमी." सर टेबलामागून उठून उभे राहिले.

ओट्या भरल्या गेल्या. नारळ, खण, हळदीकुंकू. मंडळाच्या बायकांनी देविकाच्या गुडघ्यांवरही हळद दाबली. पानं मांडली गेली, आणि मस्कतच्या बाराजणी जेवायच्या आधी मंडपाच्या कोपऱ्यात जमल्या. उज्वलानं शिट्टी आणि वही पिशवीतून काढून समोर ठेवली. एवढा मार खाल्ल्यावर हा खेळ पुन्हा कोण मागणार, असं तिला वाटत होतं. तिनं मनाची तयारी केली होती. शब्द दिला होता, तो पाळायचा.

"गुणांसाठी खेळायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," देविका चिटणिशीच्या आवाजात म्हणाली.

तनुजाचा हात आधीच वर होता. इंदूचा गेला. मग एकेक. दोघींनी वर केला नाही. एकीची मुलं अगदी लहान होती, आणि दुसरी सरळ म्हणाली, "मी सुशीलेसाठी येते बाई, मला उगाच कशाला ओढता?" उज्वलाचा धरून नऊ हात झाले. उज्वलानं देविकाकडं पाहिलं. देविका हात मोजत होती. तिचा स्वतःचा हात खालीच होता.

"तुझं काय?" उज्वलानं विचारलं.

"मी विचार करतेय." देविका खाली बघत होती. "गुणांसाठी खेळायचं म्हणजे नऊजणी निवडाव्या लागणार. चांगल्या नऊ. मी त्यात येत नाही. येते का? खरं सांग."

देविकानं या प्रत्येकीसाठी कधी ना कधी डबा आणला होता. उज्वलाच्या धाकट्याच्या वेळी तर तिनं सव्वा महिना आणला होता. 'येतेस की, आज केवढा मस्त गडी बाद केलास' असं म्हणणं अगदी सोपं होतं, आणि कुणी त्याला खोटं म्हटलं नसतं.

"नाही येत," उज्वला म्हणाली. "तू उशिरा उठतेस. आज एकदाच वेळेवर उठलीस. रोज तशी उठलीस तर मार्चपर्यंत येशील. नाही उठलीस तर बाहेर बसशील, मी तुला घेणार नाही."

देविकाचे डोळे भरून आले. अकरा वर्षांत तिच्या खेळाबद्दल तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. वाईट तर नाहीच, पण चांगलंही नाही. तिनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं, मग सोललेल्या कोपराचा हात जपून वर केला आणि तो वर धरूनच पुढं मोजलं.

"दहा," ती म्हणाली.